सहा जणांनी उडी मारली

ऑक्टोबर १९४२मध्ये 'लंडन गॅझेट'मध्ये एक मानपत्र छापून आलं. ब्रिटिश हवाई दलातल्या फ्लाइंग ऑफिसर लेस्ली टॉमस मॅन्सरला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झालं होतं. त्यात एका रात्रीची हकिगत बारकाईने दिली आहे. शोधझोतांनी विमान कुठे पकडलं, ते किती उंचीवर होतं, डाव्या इंजिनाला आग कधी लागली, ती विझायला किती मिनिटं लागली आणि शेवटी एका सार्जंटने पुढे केलेलं पॅराशूट वैमानिकाने कसं दूर सारलं, हे सगळं तिथे आहे. विमान बेल्जियमच्या शेतांत कोसळून जळून गेलं होतं. वैमानिक त्यात गेला होता. मग हे सांगितलं कोणी?

सांगणारे त्याचेच पाच सोबती होते. शत्रूच्या ताब्यातल्या बेल्जियम आणि फ्रान्समधून, पिरेनीज पर्वत चालत ओलांडून, स्पेन आणि जिब्राल्टरमार्गे ते इंग्लंडला परतले आणि आपल्या कप्तानाने काय केलं ते त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. हे पाच जण परतले नसते, तर मॅन्सर 'बेपत्ता' या शब्दाखालच्या हजारो नावांतलं एक नाव होऊन राहिला असता. युद्धात मेलेल्या तरुणाचं स्मरण आपण पुतळ्याशी आणि पदकाशी जोडतो. मला मात्र या प्रकरणात सतत दिसत राहतात ती ते स्मरण उचलून आणणारी माणसं, हे सोबती आणि वाटेत त्यांना लपवणारेही. त्यातल्या निम्म्याअधिक माणसांनी मॅन्सरला कधी पाहिलंही नव्हतं.

लेस्ली मॅन्सरचा जन्म ११ मे १९२२चा, नवी दिल्लीतला. वडील हिंदुस्थान सरकारच्या पोस्ट आणि तार खात्यात इंजिनिअर होते. मुलगा काही वर्षं दार्जिलिंगच्या डोंगरातल्या कर्सियांगच्या व्हिक्टोरिया शाळेत शिकला. सिलिगुडीहून वर चढणारी छोटी रेल्वे ज्या गावातून जाते, ते हे कर्सियांग. पुढे कुटुंब इंग्लंडला हर्टफर्डशायरमधल्या रॅडलेटला राहू लागलं आणि तो जवळच्या ऑल्डनम शाळेत गेला. युद्ध सुरू झाल्यावर त्याने आधी लष्कराचा आणि मग नौदलाचा दरवाजा ठोठावला. दोन्हीकडून नकार आला. हवाई दलाने ऑगस्ट १९४०मध्ये त्याला घेतलं. मे १९४१मध्ये तो अधिकारी झाला आणि त्याच वर्षी ५० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू होऊन हॅम्पडेन विमानांतून जर्मनीवर जाऊ लागला. मधल्या काळात त्याला प्रशिक्षक म्हणून पाठवलं गेलं. १९४२च्या वसंतात तो पुन्हा आपल्या स्क्वाड्रनमध्ये आला, तेव्हा ते लिंकनजवळच्या स्केलिंगथॉर्पच्या तळावर होतं आणि विमानं बदलली होती. आता त्याच्या हाती मँचेस्टर आलं.

मँचेस्टर हे विमान समजून घेतल्याशिवाय त्या रात्रीचं काहीच समजत नाही. एव्हरो कंपनीच्या या जड बॉम्बफेकी विमानाला दोनच इंजिनं होती, रोल्स-रॉइसची 'व्हल्चर'. बारा-बारा सिलिंडरची दोन इंजिनं एकाच क्रँकशाफ्टवर जोडून केलेलं हे चोवीस सिलिंडरचं गुंतागुंतीचं यंत्र कागदावर जबर ताकदीचं होतं. प्रत्यक्षात ते तापायचं, त्याची बेअरिंगं निकामी व्हायची, कधी हवेतच पेट घ्यायचं. आणि एक इंजिन बंद पडलं की उरलेल्या एका इंजिनावर भरलेलं मँचेस्टर उंची टिकवू शकत नसे. वैमानिकांना हे ठाऊक होतं आणि तरी ते रोज त्यात बसत होते. या विमानाचा सांगाडा वाया गेला नाही. पंख वाढवून त्यावर चार मर्लिन इंजिनं बसवली आणि त्यातून लँकेस्टर जन्माला आलं. युद्धातलं ब्रिटनचं सर्वांत नावाजलेलं बॉम्बफेकी विमान ते हेच. सात हजारांहून अधिक लँकेस्टर बांधली गेली. मँचेस्टर जेमतेम दोनशे झाली, जून १९४२च्या अखेरीस आघाडीवरून काढली गेली आणि आज जगात एकही शिल्लक नाही. मॅन्सर गेला ३१ मेला. आणखी काही आठवडे निघाले असते, तर त्याच्या हाती चार इंजिनं असती. हा विचार मनातून जात नाही.

३० मे १९४२च्या रात्री ब्रिटिश बॉम्बर कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस यांना एका शहरावर एका रात्रीत हजार विमानं पाठवायची होती. त्यांच्याकडे आघाडीची तेवढी विमानं नव्हती. म्हणून प्रशिक्षण केंद्रांतली जुनी विमानं, तिथले शिक्षक आणि शिक्षण अर्धवट असलेले विद्यार्थीसुद्धा उभे केले गेले. पहिली पसंती हँबर्गला होती, पण हवामान आडवं आलं आणि कोलोन ठरलं. १,०४७ विमानं निघाली. त्यातली ६०२ वेलिंग्टन होती आणि मँचेस्टर ४६. एकाच वाटेने, एकामागून एक, सगळ्यांनी दीड तासाच्या आत शहरावरून जायचं, म्हणजे खालच्या तोफा आणि अग्निशामक दल दोन्ही हतबल होतील, असा बेत होता. मॅन्सरच्या वाट्याला आलं राखीव साठ्यातलं, बरंच झिजलेलं एल-७३०१ हे विमान. पोटात आगलावे बॉम्ब होते आणि तो जेमतेम वीस वर्षांचा होता. सहवैमानिक सार्जंट लेस्ली बेव्हिस्टॉक त्याच्याहून वयाने मोठा होता. दिशादर्शक बार्न्स, बिनतारी संदेशवाले हॉर्स्ली आणि किंग, पुढचा तोफची मिल्स आणि शेपटीतला नेलर असे एकूण सात जण होते.

भरलेलं विमान वर चढेना. इंजिनं तापू लागली. इतर विमानं बरीच उंचावरून चालली असताना मॅन्सर सात हजार फुटांवरूनच पुढे गेला. कोलोनच्या शोधझोतांनी त्याला पकडलं आणि तोफांनी नेम धरला. त्याने दिशा बदलली नाही, बॉम्ब टाकले आणि मग वळला. आता निसटायचं होतं. त्याने विमान गरागरा वळवत हजार फुटांच्याही खाली नेलं, पण शहराची हद्द संपेपर्यंत झोतांनी आणि गोळ्यांनी पाठ सोडली नाही. शेपटीत नेलर जखमी झाला. पुढच्या कक्षात धूर भरला. डावं इंजिन तापत चाललं होतं. त्या क्षणी सातही जण सुखरूप उड्या मारू शकले असते. मॅन्सरला मात्र माणसं आणि विमान दोन्ही घरी न्यायचं होतं. त्याने विमान पुन्हा दोन हजार फुटांवर चढवलं आणि तेवढ्यात डाव्या इंजिनाने भडका घेतला.

आग दहा मिनिटं चालली. विझली तेव्हा इंजिन कायमचं गेलं होतं आणि पंखाचा काही भाग जळाला होता. डावं इंजिन बंद पडलं की उजवं इंजिन विमानाचं नाक सतत डावीकडे ढकलत राहतं. ते सरळ ठेवायचं तर वैमानिकाला रडरचं उजवं पेडल पायाने रेटून धरावं लागतं आणि हातांनी चक्र विरुद्ध बाजूला आवळून ठेवावं लागतं. पाय काढला की विमान फिरतं, आणि कमी उंचीवर एकदा फिरलं की ते उलटं होऊन जमिनीत घुसतं. मॅन्सर हे करत राहिला. वेग घटत होता, उंचीही घटत होती. सरळ घर गाठणं आता अशक्य, म्हणून सर्वांत जवळच्या तळाची दिशा त्याने धरली. बेल्जियमच्या ईशान्य कोपऱ्यात, लिंबुर्ग प्रांतातल्या ब्रे गावाजवळ येईपर्यंत विमान हाताबाहेर जाऊ लागलं होतं. त्याने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं.

इथे एका साध्या यांत्रिक गोष्टीमुळे सगळं ठरलं. अशा विमानांत अंगावर फक्त पट्ट्यांचं जाळं चढवलेलं असे आणि पॅराशूटची गुंडाळी वेगळी ठेवलेली असे. उडी मारायच्या आधी ती छातीवरच्या आकड्यांत अडकवायची. चक्र आणि पेडल धरून बसलेल्या माणसाला ते स्वतः करता येत नाही, दुसऱ्याने करावं लागतं. बेव्हिस्टॉक पॅराशूट घेऊन मॅन्सरकडे आला आणि ते त्याच्या छातीला लावू लागला. मॅन्सरने त्याला झटकलं. आणखी काही सेकंदच मी याला सरळ धरू शकतो, तू लगेच उडी मार, असं त्याने सांगितलं. बेव्हिस्टॉक गेला. त्याने उडी मारली तेव्हा विमान इतकं खाली होतं की पॅराशूट नीट उघडायला वेळच नव्हता. तो पाणथळ जमिनीतल्या एका चरात पाण्यात पडला आणि त्या पाण्याने त्याला वाचवलं. विमान पुढे जाऊन आदळलं आणि पेटलं. मॅन्सरचं वय होतं वीस वर्षं आणि वीस दिवस.

त्याने त्या काही सेकंदांत नेमकं काय निवडलं, हे नीट पाहायला हवं. बॉम्बफेकीतल्या बहादुरीच्या कथांत लक्ष्यावर झेप घेण्याला फार मान मिळतो. मॅन्सरच्या बाबतीत लक्ष्य कधीच मागे पडलं होतं आणि विमानही जवळजवळ गेलेलंच होतं. उरले होते सहा जण आणि त्यांच्या उड्यांना लागणारा वेळ. तो वेळ त्याने हातापायांच्या जोरावर मिळवून दिला. म्हणून मला त्याचं स्मरण एका युद्धवीराचं वाटण्याआधी एका कप्तानाचं वाटतं.

सहा जण खाली उतरले ते ब्रे आणि मोलेनबेर्सेलच्या आसपासच्या चरांच्या, कुरणांच्या सपाट मुलखात, डच सरहद्दीजवळ. दिशादर्शक बार्न्स जखमी झाला आणि जर्मनांच्या हाती लागला. बाकीच्या पाच जणांना तिथल्या शेतकऱ्यांनी घरात घेतलं, जेवू घातलं, साधे कपडे दिले आणि एकत्र आणलं. ब्रिटिश वैमानिकाला आसरा देणं म्हणजे छळछावणी किंवा गोळी, हे त्या घरांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांना पदकं नव्हती आणि बातमी होण्याची त्यांची इच्छाही नव्हती. विमान पडल्यावर शोधपथकं फिरत असताना दारावर थाप पडते, भाषा न कळणारा भिजलेला तरुण उभा असतो आणि घरातली बाई दार उघडून त्याला आत घेते. मॅन्सरच्या गोष्टीत त्याच्या स्वतःच्या निर्णयाइतकंच वजन मी या दार उघडण्याला देते.

तिथून ते 'कॉमेट' या गुप्त साखळीच्या हाती गेले. ही साखळी १९४१मध्ये बेल्जियन तरुणी आंद्रे द यॉन्ग हिने उभी केली. सोबती तिला देदे म्हणत. मॅन्सरचं विमान पडलं तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. ब्रसेल्सहून आगगाडीने पॅरिस, तिथून अगदी नैऋत्येला स्पेनच्या सरहद्दीजवळ आणि मग बास्क वाटाड्याच्या मागोमाग रात्री पिरेनीजची चढण, बिदासोआ नदी पार आणि स्पेन. दोरीच्या तळव्यांची पायताणं घालून, बोलायचं नाही, विडी पेटवायची नाही, अशी ही वाट होती. देदेने स्वतः ती वाट कितीतरी वेळा तुडवली. जानेवारी १९४३मध्ये सरहद्दीजवळच्या एका शेतघरात ती पकडली गेली आणि तिने रावेन्सब्रुक आणि माउटहाउसेनच्या छावण्या भोगल्या. तिचे वडील फ्रेदेरिक याच कामात होते, त्यांना १९४४मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. देदे वाचली आणि युद्धानंतर आफ्रिकेत कुष्ठरुग्णांची शुश्रूषा करत राहिली. २००७मध्ये ती गेली. मॅन्सरचे पाच सोबती याच साखळीतून बाहेर पडले, इंग्लंडला पोहोचले आणि त्यांनी तोंडी साक्ष दिली.

आता कोलोनविषयी बोलायला हवं, कारण मॅन्सरने त्या रात्री टाकलेले बॉम्ब कोणावर तरी पडले होते. त्या एका रात्री शहरात ४६९ माणसं मेली. त्यातले ४११ साधे नागरिक होते. पाच हजारांवर जखमी झाले, पंचेचाळीस हजारांची घरं गेली. फेब्रुवारी १९४२पासून ब्रिटिश बॉम्बर कमांडला शहरांवर आणि विशेषतः कामगारवस्त्यांवर मारा करण्याचा आदेश होता. निर्णय मंत्रिमंडळात आणि मुख्यालयात झाला होता, आणि तो हातात घेऊन रात्री उडाली ती वीस-बावीस वर्षांची मुलं. जर्मन विमानांनी आधी वॉर्सॉ, रॉटरडॅम, लंडन आणि कॉव्हेन्ट्री जाळलं होतं, हे खरं. त्यामुळे कोलोनच्या तळघरात गुदमरलेल्या बाईचं मरण हलकं होत नाही, हेही खरं. मॅन्सरची आठवण काढताना ते ४६९ जण वगळले तर ती आठवण अर्धी राहते असं मला वाटतं, आणि त्यांच्यामुळे मॅन्सरचं ते शेवटचं कृत्य पुसून टाकावं असंही वाटत नाही. दोन्ही एकाच रात्रीतली आहेत. दोन्ही सांगावीच लागतात.

त्या रात्री ४१ विमानं परतली नाहीत. संपूर्ण युद्धात बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख उड्डाणकर्मी होते, त्यातले ५५,५७३ मेले, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. कितीतरी विमानांतून एकही जण परतला नाही. समुद्रात पडलेल्या किंवा हवेतच फुटलेल्या विमानात शेवटच्या मिनिटाला कोणी चक्र धरून बसला होता, कोणी कोणाच्या छातीला पॅराशूट अडकवलं, हे कोणालाच कळलं नाही. लंडनजवळ रनिमीडला एका टेकडीवर दगडी भिंतींत, ज्यांना थडगं मिळालं नाही अशा वीस हजारांवर हवाई सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यात मॅन्सरसारखे किती असतील? त्यांच्या मागे साक्षीदार उरले नाहीत, एवढाच फरक आहे.

बेव्हिस्टॉक मात्र उरला. तो पुढे स्वतः कप्तान झाला आणि किनारपट्टी दलात, २०१ स्क्वाड्रनमध्ये, सुंदरलँड या प्रचंड उडत्या बोटी चालवू लागला. ६ जून १९४४ला दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्याच रात्री त्याने बिस्केच्या उपसागरात यू-९५५ ही जर्मन पाणबुडी बुडवली. ऑगस्टमध्ये यू-१०७ बुडवली. दोन्हींतला एकही खलाशी वाचला नाही. शंभराहून अधिक माणसं. मॅन्सरने वाचवलेल्या आयुष्याने पुढे हेही केलं. हॉर्स्लीही पुढे वैमानिक झाला. वाचलेलं आयुष्य शांततेत जगायला मिळेल, असं युद्धात कोणाला वचन नसतं. बेव्हिस्टॉकने मात्र म्हातारपणी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि ते पॅराशूट, तो झटकलेला हात आणि तो चर त्याने पुन्हा एकदा सांगितला.

मॅन्सरचं थडगं लूव्हन शहराजवळ हेवेर्लीच्या युद्धस्मशानात आहे. मोलेनबेर्सेलमध्ये ३१ मे २००४ला, बरोबर बासष्ट वर्षांनी, त्याच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. स्केलिंगथॉर्पच्या धावपट्टीवर आता लिंकनची बर्चवुड नावाची वसाहत आहे आणि तिथल्या एका प्राथमिक शाळेला 'लेस्ली मॅन्सर' हे नाव दिलं आहे. ज्या जमिनीवरून तो शेवटचा उडाला, तिथे पाच-सहा वर्षांची मुलं त्याचं नाव गणवेशावर घेऊन शाळेत जातात. बेल्जियमच्या त्या गावातलं स्मारक मला अधिक हक्काचं वाटतं, कारण तिथल्या आधीच्या पिढीने त्याच्या सोबत्यांसाठी जीव पणाला लावला होता.

मॅन्सरच्या घरातलं दुसरं मरण आपल्या देशात घडलं. त्याची बहीण मेव्हिस हिचा नवरा कॅप्टन जॉन नील रँडल. त्याचा जन्म बनारसचा, १९१७चा, आणि तो ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात शिकलेला. रॉयल नॉरफोक रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीबरोबर तो १९४४च्या वसंतात कोहिमाला आला. जपानी फौजा ब्रह्मदेशातून नागा टेकड्यांत घुसल्या होत्या. त्याआधी मार्चमध्ये सांगशाकला हिंदी पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीने जपान्यांना काही मोलाचे दिवस अडवून धरलं होतं. त्यात आपली कितीतरी माणसं गेली आणि कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. कोहिमाच्या टेकडीवर ४ मेला रँडलच्या गुडघ्याला जखम झाली, तरी त्याने कंपनी हाताखाली ठेवली आणि जखमींना उचलून आणलं. ६ मेला पुन्हा हल्ला झाला. एका जपानी बंकरमधल्या मशिनगनने त्याची माणसं कापली जात होती. तो एकटा त्या बंकरवर धावून गेला, त्याच्या फटीतून हातगोळा आत टाकला आणि ती फट आपल्या शरीराने बंद केली. वय सव्वीस. त्यालाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मेव्हिसचा भाऊ गेला आणि दोन वर्षांच्या आत नवराही गेला. या दोन पदकांमधल्या बाईविषयी फार कमी लिहिलं गेलंय.

रँडलचा ऑक्सफर्डमधला मित्र होता लेनर्ड चेशायर. तोही बॉम्बफेकी वैमानिक, तोही व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी, पण युद्धातून जिवंत परतलेला. नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो ब्रिटनचा निरीक्षक म्हणून दूरवरच्या विमानात होता. पुढे त्याने अपंग आणि असाध्य आजारांच्या लोकांसाठी घरं उघडली. ती चळवळ १९५०च्या दशकात मुंबईत आली आणि अंधेरीत चेशायर होम सुरू झालं. ५ एप्रिल १९५९ला मुंबईच्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये त्याने सू रायडरशी लग्न केलं. तीही युद्धपीडितांसाठी आयुष्य दिलेली बाई.

डिसेंबरमध्ये हॉर्नबिल महोत्सवासाठी महाराष्ट्रातून आता बरेच लोक कोहिमाला जातात. युद्धस्मशानाच्या पायऱ्या चढून जिथे लढाई झाली त्या टेनिस कोर्टाच्या खुणा पाहतात, फोटो काढतात आणि उतरतात. तिथे रँडलचं थडगं आहे. तिथेच दहन झालेल्या हिंदी सैनिकांची नावं कोरलेलं स्मारकही आहे, त्यात मराठी आडनावं सापडतात. ती थांबून वाचावीत. आणि रँडलच्या दगडापाशी उभं राहिलं की त्याच्या दिल्लीत जन्मलेल्या मेहुण्याचीही आठवण काढावी, कारण त्याच्या थडग्यापर्यंत आपल्यापैकी फारसं कोणी जाणार नाही.